बॉयकॉट : एका आडनावाचं क्रियापद

आपल्या मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर 'बॉयकॉट' हा शब्द आठवड्यातून एकदा तरी दिसतोच. कॅन्टीनमधला समोसा लहान झाला की बॉयकॉट, एखाद्या नटाचं बोलणं आवडलं नाही की बॉयकॉट, वेळापत्रकात शनिवारी तास लावला की बॉयकॉट. शब्दाच्या आधी हॅशटॅग लावला की आंदोलन झालं! निम्मे जण त्याचा उच्चार 'बायकॉट' करतात, तो सोडून द्या. पण पहिल्या वर्षाच्या एका मुलीने मला विचारलं, "ताई, ह्यात 'बॉय' कुठून आला? मुलींनी केला तर काय म्हणायचं?" तिला वाटलं होतं की मी हसण्यावारी नेईन. मी मात्र कोश काढून बसले, आणि मग कोशातून इतिहासात आणि इतिहासातून थेट आपल्या घरात येऊन पोचले. हा लेख त्या भटकंतीचा.

आधी 'बॉय'चा निकाल लावू. ह्या शब्दाचा मुलांशी काही संबंध नाही. ते एका माणसाचं आडनाव आहे: चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट, जन्म १८३२, इंग्लंडमधला नॉरफोक परगणा. गंमत अशी की त्याच्या जन्माच्या वेळी घराण्याचं आडनाव 'बॉयकॅट' असं लिहीत. पुढे त्यात 'ओ' आला. तो आला नसता तर आज आपण समोशाला 'बॉयकॅट' केलं असतं. हा गृहस्थ थोडा काळ सैन्यात होता. लोक त्याला 'कॅप्टन' म्हणत, पण त्या हुद्द्यापर्यंत तो कधी चढलाच नव्हता.

नोकरी सोडून तो आयर्लंडमध्ये स्थायिक झाला. १८७० नंतरच्या दशकात मेयो परगण्यात लॉक मास्क नावाच्या सरोवराकाठी त्याने शेती घेतली आणि लॉर्ड अर्न ह्या जमीनदाराचा एजंट म्हणून काम पत्करलं. आपल्याकडच्या शब्दात सांगायचं तर खोतीचा कारभारी. जमीन लॉर्डसाहेबांची, कसणार आयरिश कुळं, आणि खंड वसूल करणार बॉयकॉट. १८७९ साली पीक बुडालं. १८४५ नंतरच्या मोठ्या दुष्काळात उपासमारीने मेलेल्यांची आठवण लोकांच्या मनात ताजी होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मायकेल डेव्हिट ह्यांच्या पुढाकाराने 'लँड लीग' ही कुळांची संघटना मेयोमध्येच स्थापन झाली आणि चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल तिचे अध्यक्ष झाले. १८८० साली कुळांनी खंडात पंचवीस टक्के सूट मागितली. लॉर्ड अर्न दहा टक्क्यांवर अडून बसले. न भरणाऱ्यांना जमिनीवरून हुसकून लावण्याच्या नोटिसा घेऊन बेलिफ २२ सप्टेंबरला पोलिसांसह निघाला. तीन घरं झाली. त्यापुढे बायका बाहेर आल्या आणि चिखल, दगड, शेण जे हाती लागेल ते फेकून त्यांनी ह्या वरातीला बॉयकॉटच्या घरापर्यंत पिटाळलं. तेव्हा त्या मुलीच्या प्रश्नाचं खरं उत्तर हे: सुरुवात बायकांनीच केली!

पण दगडफेकीतून नवा शब्द जन्मत नाही, दगडफेक जगात सगळीकडे होते. नवं घडलं ते दुसऱ्या दिवसापासून. ह्याच्या तीनच दिवस आधी, १९ सप्टेंबरला, एनिस गावच्या सभेत पार्नेलनी लोकांना विचारलं होतं की हुसकावलेल्या कुळाची जमीन जो घेईल त्याचं काय करावं? गर्दीतून 'गोळी घाला' असा आवाज आला. पार्नेल म्हणाले, त्याहून चांगला मार्ग आहे. रस्त्यात, दुकानात, बाजारात, देवळातसुद्धा त्याच्याशी कुणी बोलू नका, जुन्या काळी महारोग्याला दूर ठेवत तसं त्याला एकटं पाडा. मेयोच्या लोकांनी हा मार्ग थेट एजंटावरच वापरून पाहिला. घरातले नोकर निघून गेले, शेतावरचे मजूर गेले. लोहार घोड्याला नाल ठोकेना, धोबीण कपडे घेईना, दुकानदार पीठ-मीठ देईना. टपाल आणणाऱ्या पोरालाही बजावण्यात आलं. बॉयकॉटच्या अंगाला कुणी बोट लावलं नाही. फक्त त्याच्या आयुष्याला लागणारे सगळे हात एकाएकी मागे घेतले गेले.

बॉयकॉटने लंडनच्या 'टाइम्स'ला पत्र लिहून आपली कैफियत मांडली आणि ऑक्टोबरात ते छापून आल्यावर प्रकरण देशभर गाजलं. शेतात बटाटे, सलगम, धान्य उभं होतं आणि काढायला माणूस नव्हता. मग उत्तरेकडच्या परगण्यांतून पन्नास स्वयंसेवक पीक काढायला आले. हे पन्नास जण येणार म्हणून सरकारने हजाराच्या आसपास सैनिक आणि पोलीस बंदोबस्ताला पाठवले. पावसात दोन आठवडे हे लटांबर तिथे राहिलं. पीक होतं पाचशे पौंडांच्या आसपास किमतीचं आणि खर्च आला दहा हजार पौंडांच्या घरात. पार्नेलनी हिशेब केला की सरकारला एकेका सलगमामागे एक शिलिंग मोजावा लागला. गावकरी मात्र ह्या सगळ्या काळात घरात बसून राहिले, कुणी अंगावर गेलं नाही. ज्यांनी त्यांना शांत ठेवलं त्यांत गावचे धर्मगुरू फादर जॉन ओ'मॅली पुढे होते.

आता शब्दाकडे येते, कारण तोसुद्धा ह्याच फादरांच्या घरी घडला. जेम्स रेडपाथ हा अमेरिकन पत्रकार तेव्हा तिथे आला होता. एके दिवशी तो जेवताना अडून बसला. फादरांनी काय झालं विचारलं. तो म्हणाला, ह्या प्रकाराला शब्द सापडत नाही. इंग्रजीत 'ऑस्ट्रसाइज' होतं. तो ग्रीक शब्द. प्राचीन अथेन्समध्ये नको असलेल्या पुढाऱ्याचं नाव फुटक्या मडक्याच्या खापरीवर कोरून मत देत आणि तो पुढारी दहा वर्षं शहराबाहेर जाई. खापरीला ग्रीकमध्ये 'ऑस्ट्रकॉन' म्हणत, त्यावरून हा शब्द. फादर म्हणाले, हे आमच्या शेतकऱ्यांना काय कळणार? आणि थोडा विचार करून त्यांनी सुचवलं, 'टू बॉयकॉट' म्हणू या की! ही हकिकत रेडपाथनेच सांगितली आहे. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्याने हा शब्द अमेरिकेतल्या वर्तमानपत्रात छापला, नोव्हेंबरात तो लंडनच्या 'टाइम्स'मध्ये अवतरणचिन्हांत दिसला. माणूस अजून त्या घरात अडकून पडला होता आणि त्याचं क्रियापद अटलांटिक ओलांडून गेलं होतं.

मराठी व्याकरणात आपण नामधातू शिकतो: 'लाथ'पासून 'लाथाडणे', 'हात'पासून 'हाताळणे'. तसाच हा नामधातू, फक्त नाम विशेष. इंग्रजीत असे थोडे आहेत. लुई पाश्चर ह्यांच्या नावावरून दूध 'पाश्चराइज' होतं. पण पाश्चरांनी ती क्रिया स्वतः शोधली होती. बॉयकॉटने काहीच केलं नव्हतं, जे झालं ते त्याला झालं. कर्त्याच्या नावावरून क्रियापद बनणं समजू शकतं; इथे कर्माचं नाव क्रियापद होऊन बसलं. ह्यात एक क्रूर विनोद आहे असं मला वाटतं.

हा शब्द इतका भराभर पसरला की भाषांतर करायलाही कुणी थांबलं नाही. फ्रेंचांनी 'बॉयकॉटे' केलं, जर्मनांनी 'बॉयकॉटिरेन', रशियनांनी 'बोयकोत', जपान्यांनी 'बोइकोत्तो'. आपण मात्र आडनाव घेतलं नाही. आपल्याकडे संस्कृतातला 'बहिष्कार' तयार होता. 'बहिः' म्हणजे बाहेर, 'कार' म्हणजे करणं. 'निः' आणि 'काम' मिळून 'निष्काम' होतो, त्याच संधिनियमाने इथे विसर्गाचा 'ष' झाला. १९०५ मध्ये बंगालची फाळणी झाली, विलायती मालावर बहिष्काराची हाक उठली आणि हा शब्द घरोघर पोचला. टिळकांच्या चतुःसूत्रीत स्वराज्य, स्वदेशी आणि राष्ट्रीय शिक्षण ह्यांच्या बरोबरीने तो बसला. पण त्याच वर्षी बनारस काँग्रेसच्या अध्यक्षपदावरून बोलताना गोपाळ कृष्ण गोखले ह्यांनी मूळ इंग्रजी शब्दाबद्दलच शंका घेतली होती. बंगालची बाजू त्यांनी उचलून धरली. पण 'बॉयकॉट' ह्या शब्दाला त्याच्या जन्मापासूनच एक वाईट वास आहे, त्यातून आधी दुसऱ्याला इजा करण्याची सूडबुद्धी सुचते, असं त्यांचं म्हणणं होतं. मवाळांचा नेहमीचा मवाळपणा म्हणून हे सोडून देता येईल. मला तसं वाटत नाही. गोखल्यांच्या शंकेला पुण्यातला अनुभव होता.

त्यासाठी पंधरा वर्षं मागे जायला हवं. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानाच्या निमित्ताने शहरातली नामांकित मंडळी जमली. न्यायमूर्ती रानडे, टिळक, गोखले असे सगळे. मिशनने चहा-बिस्किटं पुढे केली. कुणी चहा घेतला, कुणी नुसता कप हातात धरला. डॉ. आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशी ह्यांनी हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव' ह्या वर्तमानपत्रात छापून आणली आणि शहरात ग्रामण्य उभं राहिलं. 'ग्रामण्य' म्हणजे जातीतला बहिष्काराचा खटला. ख्रिस्ती लोकांच्या हातचा चहा घेतला म्हणून प्रायश्चित्त घ्या, नाहीतर जातीबाहेर! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली. टिळकांनी काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं, रानड्यांनीही शेवटी प्रायश्चित्त घेतलं. आपण रोज तासानंतर ज्या सहजतेने चहा पितो तो चहा, आपल्या कॉलेजसारख्याच ख्रिस्ती संस्थेच्या आवारात, न्यायमूर्तींना एवढा महाग पडला.

म्हणजे बघा, इंग्रजीत ह्या क्रियेसाठी शब्द नव्हता म्हणून एका कारभाऱ्याचं आडनाव उचलावं लागलं. आपल्याकडे शब्दांची वाण नव्हती. वाळीत टाकणे, जातीबाहेर करणे, पंक्तीतून उठवून अपांक्त करणे, रोटी-बेटी व्यवहार तोडणे, आणि इंदूर-ग्वाल्हेरकडच्या आपल्या वाचकांना ठाऊक असलेलं हुक्कापाणी बंद. मुक्ताबाईची गोष्ट आठवा. संन्याशाची पोरं म्हणून वाळीत पडलेली ही भावंडं. मुक्ताबाईला मांडे करायचे होते, पण विसोबा चाटीने कुंभारांना तिला खापर देऊ नका असं बजावलं, आणि मग ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मांडे भाजले गेले अशी कथा आहे. कथेतला चमत्कार बाजूला ठेवा. खापर न देणारा आपला कुंभार आणि नाल न ठोकणारा मेयोचा लोहार, दोघांचं कृत्य हुबेहूब एकच आहे.

आणि तरी एकच नाही. मेयोत शेकडो कुळांनी एका सत्ताधाऱ्याचा माणूस एकटा पाडला. त्याच्या मागे पोलीस होते, सैन्य होतं, 'टाइम्स' होता. आळंदीत अख्ख्या गावाने चार अनाथ पोरं एकटी पाडली. त्यांच्या मागे कुणी नव्हतं.

हा फरक ज्यांच्या पोटावर पडत होता त्यांनी तो आधी ओळखला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२४ साली स्थापन केलेल्या संस्थेचं नाव 'बहिष्कृत हितकारिणी सभा' आणि १९२७ साली काढलेल्या पाक्षिकाचं नाव 'बहिष्कृत भारत'. टिळकांच्या चतुःसूत्रीत जो शब्द अभिमानाने मिरवत होता, त्याचंच हे कर्मणी रूप. 'बहिष्कार'मध्ये घालणारा दिसतो, 'बहिष्कृत'मध्ये ज्याच्यावर घातला तो. मुंबई सरकारने नेमलेल्या आणि आंबेडकर ज्यात सदस्य होते त्या स्टार्ट समितीने १९३० च्या अहवालात नोंदवलं आहे की अस्पृश्यांनी साधा हक्क मागितला की गाव त्यांच्यावर बहिष्कार टाकतं, वाटा बंद होतात, गावचा वाणी जिन्नस विकत नाही. त्याच वर्षी आंबेडकर आणि रावबहादूर श्रीनिवासन गोलमेज परिषदेला लंडनला गेले. तिथे त्यांनी मांडलेल्या मसुद्यात सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवण्याची मागणी होती, आणि त्या गुन्ह्याची व्याख्या त्यांनी ब्रह्मदेशच्या १९२२ सालच्या बहिष्कारविरोधी कायद्यातून थोड्या बदलांनी जवळजवळ जशीच्या तशी घेतली होती. त्या कायद्याच्या नावात शब्द होता 'बॉयकॉट'. आयरिश कुळांच्या हातातलं हत्यार पन्नास वर्षांत फिरून आपल्याकडच्या गावगाड्याच्या हातात दिसत होतं, आणि दुबळ्याला त्यापासून संरक्षण मागावं लागत होतं.

संरक्षण लगेच मिळालं नाही. मुंबई राज्याने १९४९ साली वाळीत टाकण्याविरुद्ध कायदा केला. आपलं बेळगाव तेव्हा त्याच राज्यात होतं. पण १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो धर्मस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर रद्द ठरवला. त्यानंतर महाराष्ट्राने जातपंचायतींच्या जाचाविरुद्ध २०१६ साली नवा कायदा केला, तो २०१७ च्या जुलैपासून लागू आहे. सामाजिक बहिष्कार टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

माझ्या आजीने हा शब्द पुस्तकात वाचलेला नाही. तिच्या माहेरच्या गावात तिच्या चुलत्याचं घर दोन वर्षं वाळीत होतं. कारण, घरातल्या विधवा मुलीचं त्यांनी दुसरं लग्न लावलं. न्हावी यायचा नाही. गिरणीवाला दळण घ्यायचा नाही, म्हणून घरात पुन्हा जातं फिरू लागलं. विहिरीवर बायका ह्यांची घागर दिसली की गप्प व्हायच्या. आजी तेव्हा दहा-अकरा वर्षांची. ती म्हणते, "मारलं असतं तर रडाय तरी आलं असतं गं. ते गप्प बसनं लई वाईट." मी तिला बॉयकॉटची गोष्ट सांगितली. तिने सगळी ऐकून घेतली आणि विचारलं, "त्याला लेकरं होती का?" त्याला स्वतःची मुलं नव्हती, पण लहान नातेवाईक मुलं त्या घरात होती. हा प्रश्न मला एकाही कोशात भेटला नव्हता.

म्हणून वापराबद्दल दोन गोष्टी सुचवते, पटल्या तर घ्या. आपण आज दोन्ही प्रकारांना 'बहिष्कार' म्हणतो. परीक्षेवर बहिष्कार, निवडणुकीवर बहिष्कार आणि कुटुंबावर बहिष्कार, सगळं एकाच शब्दात. इंग्रजीतही हीच पंचाईत आहे, कारण त्यांच्याकडे एकच आडनाव आहे. आपल्याकडे मात्र 'वाळीत टाकणे' अजून जिवंत आहे. मग बातमीत 'कुटुंबावर सामाजिक बहिष्कार' असं सोवळं का लिहायचं? 'गावाने कुटुंबाला वाळीत टाकलं' असं लिहिलं की कोण बलवान आणि कोण दुबळा हे क्रियापदच सांगतं. 'बहिष्कार' आपण सत्तेसाठी, मालासाठी, कंपनीसाठी राखून ठेवावा. १९५५ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांनी वर्णभेद पाळणाऱ्या बससेवेवर ३८१ दिवस टाकला तो बहिष्कार. पायी चालत कामावर गेले, पण बसमध्ये चढले नाहीत.

आणखी एक, किरकोळ पण परीक्षेत गुण घालवणारं. इंग्रजीत 'बॉयकॉट'ला थेट कर्म लागतं, मधे शब्दयोगी काही येत नाही. मराठीत 'वर' लावून वाक्य करायची सवय असल्यामुळे आपण इंग्रजीतही उगाच एक 'ऑन' घुसवतो, तो काढून टाका. बहिष्कार, संप आणि बंदी ह्यांचीही गल्लत करू नका. संपात आपण आपलं काम थांबवतो, बहिष्कारात दुसऱ्याशी व्यवहार. बंदी वरून येते. 'सरकारने पुस्तकावर बहिष्कार टाकला' हे वाक्य मी ह्याच वर्षी एका उत्तरपत्रिकेत पाहिलं आहे, ती बंदी असते. आणि समोसा एकटीने न खाणं ह्याला बहिष्कार म्हणत नाहीत, त्याला उपास म्हणतात.

त्या कारभाऱ्याचं पुढे काय झालं तेही सांगते. पीक निघाल्यावर, नोव्हेंबरच्या शेवटी, तो बायकोसह निघाला तेव्हा त्याची गाडी हाकायला गाडीवान मिळेना. सैन्याची रुग्णवाहिका आणि एक सैनिक गाडीवान म्हणून द्यावा लागला. डब्लिनच्या हॉटेलवाल्याला धमकीचं पत्र आलं आणि त्याने खोली सोडायला सांगितली. डिसेंबर उजाडला तेव्हा त्याने आयर्लंड सोडलं होतं. पुढे काही काळ तो लॉक मास्कला परतला, नंतर इंग्लंडमध्ये सफोक परगण्यात दुसऱ्या एका जमीनदाराकडे एजंट म्हणून राहिला आणि १८९७ साली वारला. मधे १८८१ साली तो अमेरिकेला गेला होता. बोटीच्या यादीत त्याने स्वतःचं नाव नोंदवलं ते फक्त 'चार्ल्स कनिंगहॅम' असं. न्यूयॉर्कला उतरल्यावर पत्रकारांनी त्याला तरीही ओळखलं.